अर्ध्या तिकिटाचं बीजगणित

एसटीत पाच वर्षांच्या आतलं लेकरू फुकट. पाच ते बारा अर्धं तिकीट. तिथून पुढं पूर्ण, ते थेट पासष्टपर्यंत. पासष्टनंतर पुन्हा अर्धं, आणि २६ ऑगस्ट २०२२ पासून पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना पुन्हा फुकट. हे झालं पुरुषांचं. बायकांना १७ मार्च २०२३ पासून अर्धंच. म्हणजे त्यांच्याकडं पूर्ण तिकीट हा प्रकारच उरला नाही. गंगाखेड, पालम, लोहा या रस्त्यावर वाहक म्हणून मी हे रोज करतो. झोपेतून उठवून विचारलं तरी सांगीन. पण याला गणितात फलन म्हणतात आणि त्यावर कॉलेजात आठवडाभर शिकवतात, हे चाळिशी उलटल्यावर कळलं, तेही मोबाइलवर.

फलन म्हणजे काय, तर एक वस्तू आत घालायची आणि ठरलेल्या नियमानं एकच वस्तू बाहेर यायची. इथं आत जातं वय, बाहेर येतं शून्य, अर्धं किंवा एक. एका वयाला एकच उत्तर पाहिजे. एकाच माणसाला एका वाहकानं अर्धं आणि दुसऱ्यानं पूर्ण तिकीट फाडलं, तर ते फलन राहत नाही, भांडण होतं. उलट बाजूनं मात्र अशी सक्ती नाही. एखाद्या पुरुषाच्या हातात अर्धं तिकीट आहे एवढंच सांगितलं, तर तो आठ वर्षांचा की सत्तर वर्षांचा हे ओळखता येत नाही. म्हणून हे फलन उलटं फिरवता येत नाही. काय आत घालायची मुभा आहे त्याला प्रांत म्हणतात. उणे तीन वर्षांचा प्रवासी कुणी आणत नाही, म्हणून प्रांत शून्यापासून सुरू.

खरी गंमत टोकाला आहे. याचा आलेख काढला की तीन पायऱ्यांवर तुटक रेघा दिसतात. जिथं एक रेघ संपते आणि दुसरी सुरू होते, तिथं भरीव टिंब द्यायचं की पोकळ? बरोबर पाच वर्षं पूर्ण झालेलं लेकरू कोणत्या रेघेवर? आमच्या गाडीतले निम्मे वाद याच टिंबावर होतात. माय म्हणते, ‘साहेब, आत्ताच पाचवं लागलंय त्याला.’ आणि ते पोरगं दुसरीची कविता म्हणत असतं.

आता मी या फंदात पडलो कसा, ते. आमच्या दहावीला बीजगणित आणि भूमिती असे दोन पेपर होते. दोन्हींत पास झालो आणि आर्ट्सला गेलो, तिथं गणिताशी संबंध संपला. पुढं बीए, मग वाहकाची भरती. तिकिटाचं मशीन आलं तसे आकडेही आले. कोणत्या फेरीला भारमान किती, किलोमीटरमागं उत्पन्न किती, याचे तक्ते निघायला लागले. आकडे दिसायचे, पण ते एकमेकांशी काय बोलतात ते कळायचं नाही. आमची थोरली अकरावी सायन्सला आहे. तिच्याजवळ एकदा हे बोललो, तेव्हा तिनं आयआयटी मद्रासच्या बीएस अभ्यासक्रमाचं पान उघडून माझ्यापुढं धरलं.

हा अभ्यासक्रम जून २०२० मध्ये सुरू झाला, विषय प्रोग्रॅमिंग आणि डेटा सायन्स. जेईई लागत नाही, वयाची अट नाही. बारावी कोणत्याही शाखेची चालते, फक्त दहावीला गणित आणि इंग्रजी असायला हवं. प्रवेशाआधी पात्रता फेरी असते. चार आठवडे चार विषय शिकवतात, दर आठवड्याला स्वाध्याय सोडवायचा, त्यात किमान गुण मिळाले की केंद्रावर जाऊन परीक्षा. या चारांपैकी एक विषय ‘मॅथेमॅटिक्स फॉर डेटा सायन्स १’. नाव भारदस्त आहे, पण सुरुवातीचा मजकूर म्हणजे संच, फलन, सरळ रेषा, वर्गसमीकरण आणि बहुपदी. अमेरिकेत याच गठ्ठ्याला ‘कॉलेज अल्जेब्रा’ म्हणतात. तिथं गणिताच्या वाटेला न जाणाऱ्या कितीतरी विद्यार्थ्यांनाही तो पदवीसाठी करावा लागतो. त्याच नावाचं एक जाडजूड पुस्तक राइस विद्यापीठाच्या ओपनस्टॅक्स या उपक्रमानं २०१५ मध्ये फुकट उपलब्ध करून दिलं. इंग्रजीची भीती नसेल तर उतरवून घ्यायला हरकत नाही, उदाहरणं भरपूर आहेत.

आयआयटीची ही व्याख्यानं यूट्यूबवर कुणालाही फुकट बघता येतात. प्रा. नीलेश उपाध्ये आणि प्रा. माधवन मुकुंद शिकवतात. पैसे लागतात ते नाव नोंदवायला आणि परीक्षेला.

इथं एक इशारा दिला पाहिजे, कारण आमच्या स्टँडवरच्या एका पोराची यात फजिती झाली. केंद्र सरकारचं ‘स्वयम्’ हे व्यासपीठ जुलै २०१७ पासून आहे, आणि आयआयट्या व बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेचं एनपीटीईएल त्याहून जुनं, २००३ चं. तिथं ‘अल्जेब्रा’ असं शोधलं की कोर्स बरेच निघतात. पण चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटचे कृष्णा हनुमंथू शिकवतात तो ग्रुप थिअरीचा कोर्स बीएस्सी-एमएस्सीच्या मुलांसाठी आहे. तिथलं बीजगणित म्हणजे क्ष आणि य नाहीत, ग्रुप आणि रिंग आहेत. दहावीवरून थेट तिथं उडी मारली तर पहिल्याच तासाला पाय मोडतो. कोर्सच्या पानावर आधी काय आलं पाहिजे ते लिहिलेलं असतं, ते वाचून मगच नाव नोंदवावं. बाकी एनपीटीईएलची पद्धत चांगली आहे. नोंदणी फुकट, गुणांपैकी २५ टक्के स्वाध्यायांचे आणि ७५ टक्के केंद्रावरच्या परीक्षेचे. यूजीसीच्या २०२१ च्या नियमांनुसार कॉलेजची पोरं अशा कोर्समधून ४० टक्क्यांपर्यंत क्रेडिट मिळवू शकतात. हे आपल्या भागातल्या कॉलेजांतल्या किती मुलांना माहीत आहे, ते एकदा वर्गात हात वर करायला लावून पाहावं.

अभ्यास कधी करतो, हे सगळे विचारतात. मुक्कामी गाडी असली की. रात्री गाडी गावात लागते, चालकानं अंग टाकलं की वेळ माझा. गोदाकाठच्या गावांत रेंजचा भरवसा नसतो, म्हणून पालमच्या घरूनच व्हिडिओ उतरवून नेतो. पहिल्या आठवड्यात सगळे व्हिडिओ बघून झाले, सगळं समजल्यासारखं वाटलं, आणि स्वाध्याय उघडला तर एकही प्रश्न हलेना. थोरलीनं मोबाइल हातातून घेतला, गणित अर्ध्यावर थांबवलं आणि म्हणाली, ‘पप्पा, पुढचं वहीत तुम्ही करा. नंतर बघा सर काय करतात ते.’ तेव्हापासून हीच रीत. वीस मिनिटांच्या व्हिडिओला तास जातो. ऑनलाइन शिक्षणाबद्दल जेवढं छापून येतं, त्यात नेट, मोबाइल, ॲप यांचाच ऊहापोह असतो. माझं मत विचाराल तर दोनशे पानी वही ही त्यातली सगळ्यात महत्त्वाची वस्तू आहे.

दुसरी महत्त्वाची वस्तू म्हणजे मुदत. यूट्यूबवर व्हिडिओ जन्मभर राहणार आहे, म्हणून तो आज बघितला जात नाही. स्वाध्यायाची तारीख गेली की गेली. काही प्रश्नांत पर्यायांतला एक निवडायचा, काहींत एकाहून जास्त बरोबर असतात आणि किती ते सांगत नाहीत, आणि काहींत पर्यायच नाही, आकडा टाइप करायचा. हे तिसरे प्रश्न मला आवडतात. अंदाजपंचे तिकीट फाडता येत नाही तिथं.

आता तिसऱ्या आठवड्यातलं वर्गसमीकरण. हे शाळेत मी पाठ केलं होतं, सूत्रासकट. त्याचा उपयोग काय, हे कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. कोर्समधल्या एका उदाहरणाच्या धर्तीवर मी माझ्यापुरतं एक रचलं. समजा, एका फेरीला ५० रुपये तिकीट आहे आणि ४० माणसं बसतात. उत्पन्न २००० रुपये. समजा, तिकीट ५ रुपयांनी वाढवलं की दर वेळी २ माणसं काळीपिवळीकडं जातात. अशी क्ष वेळा वाढ केली, तर तिकीट होईल ५० + ५क्ष, आणि माणसं राहतील ४० − २क्ष. उत्पन्न म्हणजे दोन्हींचा गुणाकार. कंस सोडवला की येतं २००० + १००क्ष − १०क्ष².

याचा आलेख डोंगरासारखा वर जाऊन खाली येतो, आणि आपल्याला त्याचा माथा हवा आहे. त्यासाठी सूत्र आहे, पण मला सूत्राशिवायची वाट जास्त पटली. उत्पन्न शून्य कधी होईल? एक तर गाडी रिकामी गेली तर, म्हणजे ४० − २क्ष शून्य झालं तर. तिथं क्ष २०. किंवा तिकीटच फुकट केलं तर, म्हणजे ५० + ५क्ष शून्य झालं तर. तिथं क्ष उणे १०. हीच त्या समीकरणाची दोन मुळं. डोंगर दोन्ही बाजूंनी सारखा असतो, म्हणजे माथा दोन्ही पायथ्यांच्या बरोबर मध्ये. २० आणि उणे १० यांच्या मध्ये ५. म्हणजे पाच वेळा वाढ: तिकीट ७५, माणसं ३०, उत्पन्न २२५०. चार वेळा वाढवलं तर २२४०, सहा वेळा वाढवलं तरी २२४०. आणि दहा वेळा वाढवलं की पुन्हा २०००, जिथून निघालो तिथंच, फक्त गाडीत निम्मी माणसं. रात्री बनवसच्या मुक्कामाला हे कागदावर उतरलं तेव्हा मी चालकाला उठवून दाखवलं. तो म्हणाला, ‘दहा माणसं उतरवून अडीचशे रुपये कमावले, त्यात काय मोठं?’ त्याचंही बरोबर आहे. एसटीनं कशाचा माथा शोधायचा, पैशांचा की माणसांचा, हे समीकरण सांगत नाही.

अक्षरं कशाला, आकडे असताना? याचं उत्तर मला भाडेवाढीत सापडलं. २५ जानेवारी २०२५ ला भाडं १४.९५ टक्क्यांनी वाढलं. टपरीवर चर्चा रंगली, कुणीतरी म्हणालं, तेवढेच टक्के कमी केले की जुनं भाडं परत. तसं होत नाही. जुनं भाडं क्ष धरा. नवं झालं १.१४९५ क्ष. त्याला परत क्षवर आणायला ०.८७ नं गुणावं लागतं, म्हणजे कपात साधारण १३ टक्क्यांची. क्ष दोन्ही बाजूंनी उडून जातो. भाडं पालम ते गंगाखेडचं असो की पालम ते मुंबईचं, उत्तर तेच. भाडं माहीत नसताना उत्तर माहीत असणं, ही चैन आकड्यांत नाही.

बहुपदींचा भागाकार हे चौथ्या आठवड्याचं प्रकरण. त्याबद्दल मी फार बोलत नाही. येतो, पण प्रेम नाही.

शिकवणं सगळं इंग्रजीत, हा अडथळा खरा आहे. मी त्यावर उपाय केला तो बालभारतीचा. नववी-दहावीची गणिताची मराठी पुस्तकं ई-बालभारतीवर फुकट मिळतात. आठवडा सुरू होण्याआधी तेच प्रकरण मराठीतून सोडवून घ्यायचं, मग व्याख्यान. इंग्रजीतलं वाक्य सुटलं तरी फळ्यावरचं समीकरण ओळखीचं असतं. अगदी अपूर्णांकापासून घोटाळा असेल, तर खान अकॅडमीचे मराठी धडे आहेत. सल खान यानं २००४ मध्ये दूरच्या गावी राहणाऱ्या नात्यातल्या बहिणीची गणिताची शिकवणी फोनवरून घेतली, त्यातून हे सगळं उभं राहिलं. तिथं सहावीच्या गणितापासून सुरुवात करायला लाजू नये. बघायला कुणी येत नाही.

परीक्षेला मात्र जावं लागतं, घरी बसून ती होत नाही. मी पुणे केंद्र घेतलं. गंगाखेडहून पनवेल गाडी पकडली, सकाळी उतरलो. चार तास, चारही विषय एकाच बैठकीत. माझ्या शेजारी बसलेला मुलगा माझ्या थोरलीपेक्षा जेमतेम वर्षानं मोठा असेल. त्यानं मला ‘सर’ म्हणून परीक्षक कुठंयत ते विचारलं.

पात्रता फेरी पार झाली, आता पुढचा भाग चालू आहे. घातांकी फलन झालं, लॉगरिदम चालू आहे, आणि त्यानंतर मुकुंद सरांचा ग्राफ थिअरीचा भाग येतो. तिथं ग्राफ म्हणजे आलेख नव्हे. ठिकाणांची टिंबं आणि त्यांना जोडणाऱ्या रेघा, बस. एका टिंबावरून दुसऱ्यावर जाता येतं का, कमीत कमी किती रेघांत, कोणती रेघ काढली तर जाळं तुटतं, असले प्रश्न. मी थोडं पुढं जाऊन व्हिडिओ बघून ठेवलेत आणि वहीच्या मागच्या पानावर तालुक्याचं जाळं काढलंय. पालम मध्ये, एका बाजूला बनवस, चाटोरी, रावराजूर, दुसरीकडं लेंडी नदीपलीकडची फळा, आरखेड, घोडा, सोमेश्वर. पावसाळ्यात लेंडीला पाणी आलं की त्या बाजूची रेघ खोडायची, आणि तेवढी गावं तालुक्यापासून सुटी पडतात, दर वर्षी पेपरात येतं तसं. आता मला हे काढायचंय की पुलाची उंची वाढवण्याऐवजी दुसरीकडून एकच नवी रेघ जोडायची झाली, तर ती कोणत्या दोन टिंबांत जोडावी, म्हणजे लेंडीची रेघ गेली तरी कुणी सुटं पडणार नाही. दोन पर्याय निघालेत. त्यातला कुठला कमी लांबीचा, ते किलोमीटर टाकून बघायचं राहिलंय.