इंजिन ‘जाम’ झालंय म्हणे!

गाडीचं काही बिघडलं की पुरुषमंडळी बॉनेट उघडून गंभीर चेहऱ्यानं आत बघतात, मिस्त्री येतो, हळू आवाजात बोलणं होतं आणि आपल्या कानावर पडतो तो फक्त शेवटचा आकडा. तो मात्र जायचा असतो आपल्याच संसारातून! घरात एखादी जुनी व्हॅन असेल आणि ‘इंजिन जाम झालंय, दुसरंच टाका’ असं मिस्त्रीनं सांगितलं, तर तो आकडा चांगला पाच अंकी असतो. म्हणून मैत्रिणींनो, ‘बरं’ म्हणण्याआधी हे जाम प्रकरण नेमकं काय असतं ते आपणही समजून घेऊ या. शिवणयंत्र सांभाळणाऱ्या बाईला ते मुळीच अवघड नाही.

इंजिनात बिडाची नळकांडी असतात, ते सिलिंडर. प्रत्येकात एक पिस्टन वरखाली धावतो आणि खालचा क्रँक फिरवतो. पिस्टनभोवती पोलादी रिंगा असतात. या सगळ्यांत ऑइलचा अगदी पातळ थर असतो, म्हणून धातूवर धातू घासत नाही. हा थर गेला की काम अडलंच.

पण तो जातो कसा, यावर सगळा खर्च अवलंबून आहे. गाडी चालता चालता ऑइल संपलं किंवा रेडिएटरमधलं पाणी आटलं, तर इंजिन भयंकर तापतं. पिस्टन ॲल्युमिनियमचा, तो बिडापेक्षा जास्त फुगतो आणि सिलिंडरमध्ये घट्ट रुतून बसतो. भिंतींवर ओरखडे उठतात, क्रँकच्या बेअरिंगांचं ‘मेटल’ जातं. असं इंजिन उघडण्याशिवाय गत्यंतर नाही.

दुसरी तऱ्हा उभ्या गाडीची. वर्षानुवर्षं गाडी शेडमध्ये राहते, दमट हवा आत शिरते आणि रिंगा गंजून भिंतीला चिकटतात. माळ्यावर टाकलेलं शिवणयंत्र आठवा. चाक हलत नाही, पण आत काही मोडलेलं नसतं. पुष्कळदा असं इंजिन सुटतं.

तिसरी पाण्याची. पाणी दाबलं जात नाही. त्यामुळे सिलिंडरमध्ये पाणी असताना कुणी उत्साहानं स्टार्टर मारला, तर पिस्टनचा कनेक्टिंग रॉडच वाकतो. पुराच्या पाण्यात बंद पडलेली गाडी तिथेच पुन्हा सुरू करायची नाही ती यासाठी.

आमच्याकडे हे सगळं शिकायला लावलं ते मामंजींच्या १९७९ सालच्या मॅटाडोरनं. आकुर्डीच्या बजाज टेम्पो कंपनीची ही गाडी. कंपनीचं नाव २००५ पासून फोर्स मोटर्स झालं आणि मॅटाडोर तर केव्हाच बंद झाली. घरची लग्नं, जेजुरीची वारी, नणंदेचं बाळंतपण, सगळं तिच्यातून झालेलं. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचा पूर सांगलीत शिरला तेव्हा शेडमध्ये पाणी आलं. पुढे मामंजी गेले आणि गाडी तशीच उभी राहिली. दोन वर्षांपूर्वी भाऊजींनी ती भंगारात द्यायचं काढलं, तर सासूबाई दोन दिवस जेवल्या नाहीत.

पहिल्या मिस्त्रीनं पाच मिनिटांत निकाल दिला, “जुन्या बाजारातून इंजिन आणतो, सत्तर हजार द्या.” दुसरे मिस्त्री वयस्कर. त्यांनी आधी विचारलं, “वहिनी, गाडी शेवटची कधी चालली? तेव्हा धूर, आवाज काही होता का?” उत्तर दिलं सासूबाईंनी. पुराच्या आठवडाभर आधी गाडी मिरजेला जाऊन आली होती, नेहमीसारखी, वाटेत कुठे तापलीसुद्धा नव्हती! म्हणजे इंजिन चालताना गेलेलं नव्हतं, पाणी आणि गंज यांनी धरलं होतं. गाडीची हकीकत बहुधा घरातल्या बाईलाच ठाऊक असते. ती मिस्त्रीला आपणहून सांगावी.

मग त्यांनी ऑइलची पट्टी ओढून दाखवली. ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं तर आत पाणी मिसळलंय असं समजावं. आमचं तसंच होतं, ते आधी काढून टाकलं. नंतर गाडी न्यूट्रलला घेऊन पट्टा सोडवला आणि स्टार्टर उतरवला, कारण कधी कधी इंजिन बरं असतं आणि अडकलेला असतो वॉटर पंप, अल्टरनेटर किंवा स्टार्टरचं दातेरी चाक. दोनशेच्या दुरुस्तीसाठी लोक इंजिन बदलून बसतात!

आमचं मात्र खरोखरच जाम होतं. नोझल काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये गंज सोडवणारं पातळ तेल ओतलं, वर फडकी कोंबली आणि मिस्त्री चक्क घरी गेले. रोज संध्याकाळी यायचे, थोडं तेल घालायचे, क्रँकच्या पुलीच्या नटला लांब पाना लावून हातानं जरासा जोर द्यायचे. ना स्टार्टर, ना गाडी गिअरमध्ये टाकून ओढणं. अशा दांडगाईनं रिंगा तुटतात. आमच्या ह्यांचा धीर चौथ्या दिवशी सुटला. नवव्या दिवशी पाना बोटभर सरकला. लगेच पुढे न रेटता मागे, मग पुन्हा पुढे, असं करत करत पूर्ण फेरा झाला.

इथे गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. पण हेड उघडल्यावर चारपैकी एका सिलिंडरला गंजाचे खड्डे दिसले. ब्लॉक कोल्हापूरला उद्यमनगरात पाठवून बोअर करून घेतला. बोअर मोठा केला की पिस्टनही मोठ्या मापाचे लागतात. ते ०.२५, ०.५०, ०.७५, १ मिलिमीटर अशा पायऱ्यांनी मिळतात. चारही सारखे घेतले. कुठलं माप घातलं ते बिलावर लिहून घ्या, पुढच्या वेळी किती वाव उरलाय ते त्यावरून कळतं. सगळे मिळून बावन्न हजार झाले. म्हणजे वाचले अठराच हजार. पण आतलं सगळं आमच्या डोळ्यांसमोर झालं. बाजारातलं इंजिन आतून कसं निघालं असतं, देव जाणे.

तरी दुरुस्तीचाच हट्ट धरू नये. रॉडनं ब्लॉक फोडला असेल, ब्लॉकला मोठी चीर असेल किंवा क्रँक शेवटच्या मापापर्यंत घासून झाला असेल, तर बदलणंच शहाणपणाचं. मात्र इंजिन हातानं फिरवून आणि शक्य तर चालवून दाखवल्याशिवाय पैसे देऊ नका, आणि विकणाऱ्याचं पक्कं बिल घ्या. इंजिनाचा नंबर आर.सी. बुकावर असतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे इंजिन बदललं तर आरटीओकडे ते नोंदवावं लागतं. ते राहिलं तर विम्याच्या वेळी कटकट, आणि माल चोरीचा निघाला तर पोलीस दारात.

खरं तर कागद इंजिनाच्याही आधी बघावेत. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी संपते, पुढे दर पाच वर्षांनी तपासणी करून वाढवावी लागते. २०२२ पासून त्याची फी बरीच वाढली आहे, शिवाय पर्यावरण कर वेगळा. नोंदणी वाढणारच नसेल तर इंजिनावर पैसे कशाला घालायचे?

गाडीला पन्नास वर्षं झाली असतील तर आणखी एक वाट आहे. २०२१ च्या नियमांनी अशा खासगी गाडीची ‘व्हिंटेज’ म्हणून वीस हजार रुपये भरून नोंदणी करता येते. पण गाडी मूळ रूपात हवी, मोठे फेरफार केलेले चालत नाहीत, आणि रोजच्या कामाला ती रस्त्यावर आणता येत नाही. मिरवायची हौस असेल त्यांच्यासाठी ठीक. अशांनी मूळ इंजिन वाचवण्याची आधी शिकस्त करावी.

इंजिन बांधून आल्यावर सुरुवातीला गाडी हळू चालवायची, ओझं लादायचं नाही आणि पहिलं ऑइल लवकर बदलायचं, त्यात घासलेल्या धातूचा कीस येतो. आणि गाडी उभी राहणारच असेल, तर नुसती पाच मिनिटं सुरू करून बंद करू नका. इंजिन नीट तापत नाही, ओल आतच राहते. आमच्याकडे आता दर दुसऱ्या रविवारी भाऊजी सासूबाईंना घेऊन हरिपूरच्या संगमेश्वरापर्यंत चक्कर मारून येतात.