नोकरदार स्त्रीचा शीण : कारणे, लक्षणे आणि उपाय

शाळा, दवाखाने, तहसील कचेऱ्या, बँका, न्यायालये आणि पंचायती या सर्व ठिकाणी आज स्त्रिया जबाबदारीची कामे करीत आहेत. महाराष्ट्रात शासकीय सेवेतील ३० टक्के जागा महिलांसाठी राखीव आहेत. पंचायत राज संस्थांतील निम्म्या जागा त्यांच्यासाठी राखून ठेवण्याचा निर्णय २०११ मध्ये झाला. गावपातळीवर तर अंगणवाडी सेविका, आशा कार्यकर्त्या, आरोग्य सेविका आणि शिक्षिका यांच्यावाचून आरोग्य, आहार व प्राथमिक शिक्षण यांची कोणतीही योजना घराच्या उंबरठ्यापर्यंत पोहोचू शकत नाही, असे म्हटल्यास ती अतिशयोक्ती ठरू नये.

परंतु सेवेचे दार उघडणे हा या कार्याचा केवळ पूर्वार्ध होय. त्या दारातून आत आलेली स्त्री वीस-पंचवीस वर्षे उत्साहाने, आरोग्य सांभाळून आणि समाधानाने काम करू शकते किंवा नाही, हा त्याचा उत्तरार्ध आहे. या उत्तरार्धाकडे जितके लक्ष जावयास हवे तितके गेलेले नाही. अनुभवी परिचारिका नोकरी सोडते, कर्तबगार शिक्षिका पदोन्नती नाकारते, एकेकाळी हिरिरीने काम करणारी सेविका केवळ रकाने भरण्यापुरती उरते, तेव्हा त्याचे खापर बहुधा तिच्या प्रकृतीवर किंवा घरगुती अडचणींवर फोडले जाते. वस्तुतः कामाच्या रचनेतच त्याची कारणे पुष्कळदा दडलेली असतात.

थकवा आणि क्षीणता

दिवसभराच्या श्रमाने येणारा थकवा स्वाभाविक आहे. रात्रीच्या झोपेने अथवा सुटीच्या विश्रांतीने तो जातो. विश्रांतीनंतरही जो जात नाही आणि हळूहळू मनाचा ताबा घेतो, त्या अवस्थेला इंग्रजीत ‘बर्नआउट’ असे नाव आहे. दिव्यातील तेल संपल्यावर वातच जळू लागावी, तशी ही अवस्था असल्याने मराठीत तिला ‘कार्यक्षीणता’ म्हणता येईल.

या अवस्थेचे वर्णन हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर या मानसशास्त्रज्ञाने १९७४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखामुळे ती अभ्यासकांच्या चर्चेत आली. न्यूयॉर्कमधील एका मोफत दवाखान्यात स्वेच्छेने काम करणाऱ्या कार्यकर्त्यांचे त्याने निरीक्षण केले होते. कामचुकार माणसापेक्षा कामाला सर्वस्व वाहिलेल्या माणसालाच ही क्षीणता अधिक गाठते, हा त्याचा निष्कर्ष आजही लक्षात ठेवण्याजोगा आहे. पुढे क्रिस्टिना मॅस्लॅक आणि सुसान जॅक्सन या संशोधिकांनी १९८१ मध्ये तिचे मोजमाप करणारी प्रश्नावली तयार केली.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये स्वीकारलेल्या रोगांच्या अकराव्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात कार्यक्षीणतेची नोंद आहे. ती रोग म्हणून नव्हे, तर व्यवसायाशी निगडित घटना म्हणून केलेली आहे. कामाच्या ठिकाणचा दीर्घकाळचा ताण नीट हाताळला न गेल्याने ती उद्भवते, असे संघटनेने म्हटले असून तिची तीन अंगे सांगितली आहेत : शक्ती संपून गेल्याची भावना, कामाविषयी दुरावा अथवा कडवटपणा आणि आपल्या हातून काही नीट होत नाही ही जाणीव. या व्याख्येचा अर्थ स्पष्ट आहे. क्षीणतेचे मूळ व्यक्तीइतकेच, किंबहुना अधिक, कामाच्या जागी शोधावयास हवे.

घरातील दुसरी पाळी

स्त्रियांच्या बाबतीत या ताणात घरकामाची भर पडते. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये देशभर केलेल्या वेळेच्या वापराच्या पाहणीनुसार, घरकाम करणाऱ्या स्त्रियांचे दिवसातील सरासरी २९९ मिनिटे त्या कामात जात होती, तर घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषांची ९७ मिनिटे. २०२४ च्या पाहणीत हे आकडे अनुक्रमे २८९ व ८८ असे आढळले. म्हणजे पाच वर्षांत स्त्रियांचा भार दहा मिनिटांनी उतरला. पण पुरुषांचा हातभारही तेवढ्याच सुमाराने घटला. मुलांची व वृद्धांची देखभाल यात धरलेली नाही. तिच्या मिनिटांचा हिशेब निराळाच आहे.

या सरासरीत नोकरी न करणाऱ्या स्त्रियाही आहेत, हे खरे. तथापि नोकरी लागली म्हणून स्वयंपाक, पाणी, धुणी आणि आजारपणे यांची जबाबदारी दुसऱ्या कोणावर जाते, असा अनुभव विरळाच. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉशचाइल्ड यांनी १९८९ च्या आपल्या ग्रंथात यालाच ‘दुसरी पाळी’ म्हटले. गिरण्यांतील पाळ्या ठाऊक असलेल्या महाराष्ट्राला हा शब्द समजावून सांगण्याची गरज नाही. गिरणीतील कामगार एक पाळी संपवून घरी जात असे. नोकरदार स्त्री मात्र एक पाळी संपवून दुसऱ्या पाळीवर हजर होते.

कामाच्या रचनेतील दोष

कामाचा भार मोठा असला म्हणजे क्षीणता येतेच असे नाही. रॉबर्ट कॅरासेक या अभ्यासकाने १९७९ मध्ये मांडलेला सिद्धांत येथे उपयोगी पडतो. कामाची मागणी मोठी आणि ते कसे व केव्हा करावे हे ठरविण्याचा अधिकार अल्प, अशा जागी ताण सर्वांत घातक असतो. मॅस्लॅक आणि त्यांचे सहकारी मायकेल लायटर यांनी नंतर सहा गोष्टी तपासण्यास सांगितल्या : कामाचा भार, निर्णयाची मोकळीक, मोबदला व दखल, सहकाऱ्यांची साथ, न्याय्य वागणूक आणि कामामागील मूल्ये.

ही कसोटी गावातील सेवेस लावून पाहता येईल. एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली. पूरक आहार, शालापूर्व शिक्षण, पोषण व आरोग्य शिक्षण, लसीकरण, आरोग्य तपासणी आणि संदर्भ सेवा अशा सहा सेवांचा भार तेव्हापासून अंगणवाडीशी जोडलेला आहे. २०२१ पासून मोबाइलवरील ‘पोषण ट्रॅकर’मध्ये नोंदी भरण्याचे काम त्यात आले. तीच माहिती वहीत आणि पुन्हा मोबाइलवर भरावी लागली, तर बालकांसाठी असलेला वेळ नोंदींकडे जातो आणि कामाचे समाधान ओसरते.

आशा कार्यकर्तीची नेमणूक २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानापासून, सर्वसाधारणपणे दर हजार लोकसंख्येमागे एक, याप्रमाणे होत आली. तिच्या मोबदल्याचा मोठा भाग केलेल्या कामानुसार ठरतो; परंतु मध्यरात्री प्रसूतीसाठी येणारे बोलावणे तिच्या सोयीने येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये देशातील आशांचा गौरव केला, ही अभिमानाची गोष्ट आहे. तरीही सन्मानाने जागरणाची भरपाई होत नाही.

शिक्षिकेच्या बाबतीत बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा २००९ चा कायदा मार्गदर्शक आहे. दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका यांखेरीज अन्य अशैक्षणिक कामे शिक्षकांना देऊ नयेत, असे त्याचे कलम २७ सांगते. ही मर्यादा पाळली गेल्यास वर्गाचे भले होईल आणि शिक्षिकेचेही.

आणखी एक भार डोळ्यांना दिसत नाही. रुग्णाच्या नातलगांचा संताप झेलणारी परिचारिका किंवा खिडकीपुढील रांगेला शांतपणे उत्तरे देणारी लिपिक स्वतःचा राग, दुःख वा भीती आवरूनच काम करीत असते. हॉशचाइल्ड यांनी १९८३ मध्ये विमानातील सेविकांच्या कामाचा अभ्यास मांडून अशा भावनिक श्रमाकडे लक्ष वेधले. आपल्याकडे अशा स्त्रीला ‘त्यागमूर्ती’ म्हणून गौरविण्याची रीत आहे. मात्र त्यागाची स्तुती विश्रांती नाकारण्याचे निमित्त होऊ नये.

वेळीच ओळखावयाची चिन्हे

सकाळी उठतानाच थकल्यासारखे वाटणे, झोप न लागणे, वारंवार डोके दुखणे, क्षुल्लक कारणावरून चिडणे, पूर्वी आवडणारे काम टाळावेसे वाटणे, माणसांशी तुटकपणे बोलणे, नेहमीच्या कामात चुका होणे आणि सुटीच्या दिवशीही कामाचीच धास्ती वाटणे, ही क्षीणतेची सर्वसाधारण चिन्हे होत. ती काही आठवडे टिकून राहिली तर दुर्लक्ष करू नये.

मात्र प्रत्येक थकव्याचे मूळ मनातच आहे असेही मानू नये. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्तक्षय आढळला. रक्तक्षय आणि थायरॉइडचे विकार यांतही अशीच गळाठ येते. म्हणून प्रथम वैद्यकीय तपासणी करून घेणे हिताचे. उदासी वा निराशा सतत राहिल्यास, आणि जगणे नकोसे वाटू लागल्यास तर तत्काळ, मानसोपचाराचे साहाय्य घ्यावे. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेल्या ‘टेली-मानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर असे साहाय्य विनामूल्य मिळते.

हक्काच्या तरतुदी

कामाची परिस्थिती न्याय्य व माणुसकीची असावी आणि प्रसूतीसाहाय्य मिळावे, असे राज्यघटनेचे ४२ वे कलम सांगते. १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्यात २०१७ मध्ये झालेल्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी पगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवडे झाली आणि ५० वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांवर पाळणाघराची जबाबदारी आली. महाराष्ट्र शासनाने २०१८ मध्ये आपल्या महिला कर्मचाऱ्यांना संपूर्ण सेवेत १८० दिवसांची बालसंगोपन रजा मंजूर केली. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्ध २०१३ चा कायदा आहे. त्यानुसार दहा वा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती असणे आवश्यक आहे. अंगणवाडी सेविका व मदतनीस यांना ग्रॅच्युइटीचा कायदा लागू होतो, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये दिला.

तरतूद असणे आणि ती संकोचाविना घेता येणे यांत अंतर असते. रजेचा अर्ज देताना जिला अपराध्यासारखे वाटते, तिच्यासाठी ती रजा कागदावरच राहते. हे अंतर मिटविणे कार्यालयप्रमुखाच्या हाती आहे.

कार्यालय, शाळा आणि पंचायत यांचे कर्तव्य

यासाठी मोठा खर्च लागतोच असे नाही. एकच माहिती दोनदा मागविली जात नाही ना, हे वर्षातून एकदा तपासावे. बैठकांची वेळ आधी कळवावी आणि त्या कार्यालयीन वेळेतच संपवाव्यात. रात्री भ्रमणध्वनीवर धाडलेली सूचना खरोखर तातडीची आहे किंवा काय, याचा धाडणाऱ्याने विचार करावा. स्नेहसंमेलनाची सजावट, पाहुण्यांचा चहा आणि स्वागताच्या रांगोळ्या ही कामे केवळ स्त्री कर्मचाऱ्यांकडे जाऊ नयेत. रजेवरून परतलेल्या स्त्रीपुढे साठलेल्या कामाचा ढीग न ठेवता ते वाटून द्यावे. स्वच्छ प्रसाधनगृह, पिण्याचे पाणी आणि घटकाभर पाठ टेकण्यास खोली या गोष्टींना चैन समजू नये.

ग्रामपंचायतीला स्वउत्पन्नाच्या दहा टक्के रक्कम महिला व बालकल्याणासाठी खर्च करावयाची असते. त्या योजना ठरविताना गावातील सेविका, आशा व शिक्षिका यांना बोलावून त्यांच्या अडचणी ऐकाव्यात. उशिरा परतण्याच्या वाटेवरील एखादा दिवा किंवा शाळेतील प्रसाधनगृहाची दुरुस्ती यांचे मोल ती वाट रोज तुडविणाऱ्या स्त्रीलाच नेमके सांगता येते. महिला सरपंच व सदस्य यांनीही हे स्वतःला लागू करावे. कारण त्यांचीही दुसरी पाळी घरी वाट पाहत असते.

घर आणि स्वतः ती

राज्य शासनाच्या कार्यालयांत २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा आला. दर शनिवारची ही सुटी स्त्री कर्मचाऱ्याला विश्रांतीसाठी मिळते की धुण्या-निवडण्याच्या कामी जाते, हे घरातील वाटणीवर अवलंबून आहे. घरातील पुरुषाने ‘मदत’ करणे आणि ठरावीक काम आपले म्हणून अंगावर घेणे यांत भेद आहे. मदत सांगावी लागते, आणि सांगण्याचा भार पुन्हा तिच्यावरच येतो. मुलगा व मुलगी दोघांनाही सारखी कामे लावणे, हे घरातील उत्तम शिक्षण होय.

स्त्रीनेही काही पथ्ये पाळावीत. जेवण टाळू नये. झोपेची वेळ शक्यतो मोडू नये. रोज अर्धा तास चालणे, भजनी मंडळ, वाचन वा मैत्रिणींशी गप्पा यांतील एखादी गोष्ट स्वतःसाठी राखावी. अशक्य कामाला नम्रपणे नकार देण्यास शिकावे आणि भाराविषयीची तक्रार वेळीच लेखी मांडावी. समव्यवसायी स्त्रियांनी महिन्यातून एकदा एकत्र बसून अडचणी बोलून दाखविल्यास, आपण एकटीच कमी पडतो हा गैरसमज तरी निश्चित दूर होतो. परंतु रचनेतील दोष जसेच्या तसे ठेवून केवळ सहनशक्ती वाढविण्याचा उपदेश तिला करणे योग्य नव्हे.

रस्ता, इमारत वा यंत्र यांच्या देखभालीसाठी दरवर्षी तरतूद केली जाते. ती न केल्यास होणारे नुकसान सर्वांना दिसते. प्रशिक्षित आणि अनुभवी स्त्री कर्मचारी ही त्याहून मौल्यवान अशी समाजाची कमाई आहे. तिच्या उत्साहाची जपणूक ही तिच्यावरील मेहेरबानी नसून, तिच्या सेवेवर विसंबून असलेल्या बालकांची, रुग्णांची आणि नागरिकांचीच काळजी होय. ही जाणीव प्रत्येक कार्यालयात, शाळेत आणि घरात रुजली, तर सेवेत आलेली स्त्री केवळ टिकून राहणार नाही, तर आपल्या कर्तृत्वाने त्या सेवेची शोभा वाढवील.