महाडच्या पाण्यात कुठली होडी टिकेल? ॲल्युमिनियमच्या होडीचं साधं गणित

आजचा विषय जरा वेगळा आहे. ना मोबाईल, ना ॲप. आज बोलायचंय होडीबद्दल. ज्यांना ऐकायला वेळ नाही त्यांच्यासाठी हा लिखित भाग.

प्रश्न असा: महाड-पोलादपूरकडच्या एखाद्या गावाने, मंडळाने किंवा चार मासेमारांनी मिळून उथळ पाण्यासाठी एक मजबूत होडी घ्यायची ठरवली, तर कुठली घ्यावी? वर्षभर मासेमारीला चालेल आणि पूर आला तर माणसं काढायलाही उपयोगी पडेल, अशी.

दुसरा भाग महत्त्वाचा का, ते महाडकरांना सांगायला नको. २२ जुलै २०२१ ला शहर पाण्याखाली गेलं. त्याच दिवशी तळियेत दरड कोसळून ऐंशीहून जास्त माणसं गेली. पोलादपूर तालुक्यातही दरडी आल्या. रस्ते बंद, महामार्गावर पाणी, नेटवर्क गायब. बाहेरची मदत यायला रस्ता तर हवा! त्यामुळे पहिले काही तास गावात जे असेल तेच कामाला येतं. म्हणून गावातच ठेवलेल्या होडीला किंमत आहे.

आधी पाणी समजून घेऊ

सावित्री महाबळेश्वरला उगम पावते, घाट उतरून पोलादपूरला येते आणि महाडजवळ एकदम सपाटीला लागते. तिथेच गांधारी आणि काळ नद्यांचं पाणी येऊन मिळतं. खालून बाणकोट खाडीची भरती वर चढते. पूर्वी गलबतं दासगावपर्यंत यायची ती याच भरतीवर. मुसळधार पाऊस आणि उधाणाची भरती एकाच वेळी आली, की पाण्याला पुढे जायला वाट राहत नाही.

म्हणजे एकाच होडीला तीन प्रकारचं पाणी झेपलं पाहिजे. उन्हाळ्यात वर पोलादपूरकडे गुडघाभर पाणी आणि खाली दगड. दासगावच्या बाजूला मचूळ पाणी आणि चिखल. पुरात गढूळ पाणी आणि त्याखाली न दिसणारी कंपाउंडची भिंत, तारा, पत्रे, उलटलेली रिक्षा.

लाकूड, फायबर, रबर की ॲल्युमिनियम?

लाकडी होडी आपली जुनी ओळखीची, पण जड असते आणि दरवर्षी डागडुजी मागते. फायबरची स्वस्त, गंजत नाही, दुरुस्तीही जवळपास होते. पण दगडावर जोरात आपटली की तडा जातो आणि तड्यातून पाणी थरांमध्ये शिरतं. हवेची रबरी बोट बचाव पथकं वापरतात, कारण ती घडी करून गाडीत टाकून कुठेही नेता येते. त्यांना ते लागतंच. पण फाटका पत्रा किंवा काटेरी तार हा तिचा शत्रू.

ॲल्युमिनियमचा पत्रा आपटला की सहसा पोचा येतो, भोक पडत नाही. पोचा आलेली होडी घरी येते. पुरासाठी मला तरी हाच मुद्दा सगळ्यात मोठा वाटतो.

कुठला पत्रा?

भांड्यांचा किंवा खिडक्यांचा ॲल्युमिनियम इथे चालत नाही. ५०५२ किंवा ५०८३ हे नंबर लक्षात ठेवा. यांत मॅग्नेशियम मिसळलेलं असतं आणि खाऱ्या पाण्यात ते चांगले टिकतात. ६०६१ मजबूत असतो, पण वेल्डिंग केलं की जोडाजवळची त्याची ताकद बरीच घटते. तळाला तो नको.

जाडी? बाजूंना २ ते ३ मिलिमीटर, तळाला ४. "४ ने जड होईल ना?" हिशोब करू. ॲल्युमिनियमचा १ मिलिमीटर जाडीचा एक चौरस मीटर पत्रा २.७ किलो भरतो. तळ ५ चौरस मीटर धरला, तर ३ ऐवजी ४ मिलिमीटर घेतल्यावर वजन वाढतं साधारण साडेतेरा किलो. म्हणजे एक लहान पोरगं जास्त बसल्यासारखं. तळाशी तो एक मिलिमीटर घ्याच.

जोड रिव्हेटचे की वेल्डिंगचे? रिव्हेट वर्षानुवर्षं आपटून सैल होतात आणि पाणी झिरपतं. पूर्ण वेल्डिंग चांगलं, पण ते आरगॉन वेल्डिंग असायला हवं. गेट-ग्रिलवालं साधं वेल्डिंग इथे उपयोगाचं नाही. आरगॉनचं काम करणारा जवळ कुठे आहे, हे होडी घेण्याआधी शोधा.

किती पाण्यात चालेल?

आता माझ्या आवडीचा भाग. साधारण १४ फुटी, सपाट तळाची होडी घ्या. तळाचा पाण्यावर टेकणारा भाग ४ चौरस मीटर धरू. होडी १ सेंटीमीटर बुडाली की ४० लिटर पाणी बाजूला सारते, म्हणजे ४० किलो उचलते. होडी ११० किलो, इंजिन ४०, पेट्रोल २०, पाच माणसं ३५०. एकूण ५२० किलो. भागिले ४० केलं, तर आलं १३ सेंटीमीटर. वीतभरही नाही!

पण थांबा. इंजिनचा पंखा तळाच्या खाली आणखी वीतभर तरी जातो. म्हणजे इंजिनवर चालायला गुडघ्याएवढं पाणी हवंच. त्याहून कमी असेल तर इंजिन वर उचला आणि बांबूने ढकला. म्हणून बांबू आणि दोन वल्ही कायम होडीत असू द्या.

सपाट तळ उथळ पाण्यात बेस्ट, पण लाटांवर थाड थाड आपटतो. खाडीतही जाणार असाल तर पुढचा भाग किंचित व्ही आकाराचा घ्या.

बुडू नये म्हणून

ॲल्युमिनियम पाण्यापेक्षा जड. होडीत पाणी भरलं की ती सरळ तळाला. म्हणून बाकांखाली फोम हवा. वरच्या होडीला इंजिनसकट तरंगत ठेवायला शंभरेक लिटर फोम लागतो आणि तिला धरून राहणाऱ्या माणसांसाठी आणखी तेवढाच. दोनशे लिटर मागा. फोम पाणी न शोषणारा असावा. थर्माकोल नको, पेट्रोल सांडलं की तो विरघळतो.

टिकवायची कशी?

ॲल्युमिनियमचं वैर तांब्याशी. मचूळ पाण्यात दोन्ही एकमेकांना चिकटले की ॲल्युमिनियम खाल्लं जातं. म्हणून तांबं असलेला बोटीचा रंग लावायचा नाही, आणि स्टीलचे बोल्ट असतील तिथे मध्ये नायलॉनचा वॉशर. खाडीतून आलात की गोड्या पाण्याने धुवा. ठेवताना उलटी, लाकडी ओंडक्यांवर. ओल्या सिमेंटवर किंवा ओल्या ताडपत्रीत गुंडाळून नको.

आणि इंजिन! आजकालच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते हवेतला ओलावा ओढतं. मागच्या पावसाळ्यातलं पेट्रोल टाकीत तसंच राहिलं, तर नेमक्या पुराच्या रात्री इंजिन खोकत बसेल. पंधरा दिवसांतून एकदा चालू करा, पेट्रोल बदलत राहा. म्हणूनच मासेमारी आणि बचाव यांची होडी एकच असलेली बरी. जी रोज वापरली जाते तीच वेळेला सुरू होते.

नियम आणि भान

इंजिनच्या होडीला नोंदणी लागते. देशांतर्गत जलयानांचा नवा कायदा २०२१ चा आहे. महाराष्ट्र मेरिटाइम बोर्डाच्या बंदर कार्यालयात आधी चौकशी करा. होडीतून पाणपक्ष्यांची शिकार वगैरे डोक्यातही आणू नका, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो गुन्हा आहे. सावित्रीत मगरी आहेत, त्यांनाही तोच कायदा राखतो. जाळं काढताना हातपाय सांभाळा.

शेवटचं आणि सगळ्यात महत्त्वाचं. पाण्याचा वेग दुप्पट झाला की धक्का चौपट होतो. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरचा जुना पूल वाहून गेला आणि त्यासोबत दोन एसट्या गेल्या. त्या धारेपुढे १५ हॉर्सपॉवर म्हणजे काहीच नाही. गावची होडी गल्लीत, शेतात, साचलेल्या पाण्यात चालवायची. मुख्य धार प्रशिक्षित पथकांसाठी सोडायची. आणि होडीत जितकी माणसं तितकी लाइफ जॅकेट, एकही कमी नाही.

तर बनवणाऱ्याकडे गेलात की तीन गोष्टी विचारा: पत्र्याचा नंबर काय, तळाची जाडी किती, फोम किती लिटर. तिन्हींची उत्तरं बिलावर लिहून घ्या. जो लिहून देत नाही, त्याच्याकडून घेऊ नका.

एवढंच. तुमच्या मंडळाच्या ग्रुपवर हा भाग टाका, पावसाळ्याआधी. भेटू पुढच्या भागात!