पंचवीस वर्षांचा ट्रक आणि नंबरप्लेटचा प्रश्न

नव्वदच्या दशकातल्या सुझुकी कॅरी ट्रकची सीट उचलली की खालीच इंजिन दिसतं. तीन सिलिंडर, क्षमता ६६० सीसीच्या आत. मागचा हौदा सव्वासहा फुटांच्या आसपास आणि जमिनीपासून इतका कमी उंच की गवताचा गठ्ठा खांद्यावरून थेट आत सरकवावा. तिन्ही बाजूंचे फाळके खाली पडतात. आजच्या कित्येक अवाढव्य अमेरिकन पिकअपचा हौदा याहून आखूड असतो. अमेरिकेतले शेतकरी, माळीकाम करणारे, छोटे सुतार या जपानी ट्रकच्या प्रेमात का पडले, ते यावरून कळावं.

जपानमध्ये या वर्गाला ‘केई’ म्हणतात. १९४९ साली हा वर्ग सुरू झाला. इंजिनाची मर्यादा १९९० पासून ६६० सीसी आहे. १९९८ पासून लांबी ३.४ मीटर आणि रुंदी १.४८ मीटरच्या आत हवी. वजन ३५० किलोपर्यंत न्यायचं. आपल्याकडे १९८४ साली आलेली मारुती व्हॅन, म्हणजे पुढची ओम्नी, याच कॅरीच्या घराण्यातली.

अमेरिकेत हा ट्रक नवा आणता येत नाही, कारण तो तिथल्या सुरक्षा नियमांनुसार बनलेलाच नाही. वाट आहे ती जुन्याची. १९८८ च्या कायद्याने परदेशी वाहनांच्या खासगी आयातीवर कडक बंधनं आली, पण पंचवीस वर्षं पूर्ण झालेल्या वाहनाला सुरक्षा नियमांतून सूट मिळाली. प्रदूषणाच्या नियमांसाठी ही अट एकवीस वर्षांची आहे. ती बंधनं आली मुख्यतः युरोपातून परस्पर येणाऱ्या महागड्या मोटारींमुळे. त्यांच्याबरोबर शेतावरचा हा गरीब ट्रकही अडकला. वर पंचवीस टक्के आयातशुल्क. साठच्या दशकात युरोपने अमेरिकन कोंबड्यांवर कर लावला, म्हणून जॉन्सन सरकारने छोट्या ट्रकवर तो बसवला, आणि कोंबड्यांचा वाद मिटल्यावरही तो उठला नाही. (भारतात नियम अगदी उलट: जुनं वाहन आणायचं तर ते तीन वर्षांहून जुनं चालत नाही.)

एवढं सगळं पार करून ट्रक बंदरातून सुटला, तरी रस्त्यावर येण्याची हमी नसते. आयात केंद्राच्या हातात, नोंदणी राज्याच्या. इथेच खरा घोळ आहे. राज्यांच्या वाहन नोंदणी अधिकाऱ्यांच्या संघटनेने या ट्रकांना रस्त्याबाहेरची वाहनं मानावं, अशी शिफारस केली. त्या सुमारास मेन, ऱ्होड आयलंड, जॉर्जिया अशा राज्यांनी हात आखडता घेतला, आणि रीतसर पाटी मिळालेल्या काही मालकांनाही नोंदणी रद्द झाल्याची पत्रं आली.

सुरक्षेचा आक्षेप खोटा नाही. चालक पुढच्या चाकांवरच बसतो. गुडघ्यांपुढे पातळ पत्रा आणि त्यापुढे रस्ता. त्या काळच्या बहुतेक ट्रकांत एअरबॅग नाही. ताशी शंभर किलोमीटरच्या वाहतुकीत दोन टनी गाडीने धडक दिली तर निभाव लागणं कठीण. पण तीच राज्यं मोटरसायकलला आणि १९५० सालच्या, सीटबेल्टही नसलेल्या गाडीला पाटी देतात. मग धोक्याचं माप एकच हवं. महामार्गावर बंदी घाला, वेगमर्यादेची अट घाला. ते समजण्यासारखं आहे. पण आधी परवानगी द्यायची आणि माणसाने पैसे ओतल्यावर ती काढून घ्यायची, हा अन्याय आहे, असं मला ठामपणे वाटतं.

मालकांनी मात्र चिकाटी सोडली नाही. आमदारांना गाठलं, सुनावण्यांना हजर राहिले. टेक्ससने २०२४ साली धोरण बदललं. मॅसॅच्युसेट्सने त्याच वर्षी नोंदणी थांबवली आणि काही महिन्यांत पुन्हा सुरू केली. कोलोरॅडोने २०२५ मध्ये कायदाच केला. तो जुलै २०२७ पासून लागू होणार आहे.

अमेरिकेत राहणाऱ्या आणि असा ट्रक घ्यायचं मनात असलेल्या वाचकांना म्हणूनच कळकळीची विनंती: विक्रेत्याच्या शब्दावर जाऊ नका. त्याने दुसऱ्या राज्याची पाटी दाखवली तरी तुमच्या राज्यात ती चालेलच असं नाही. वाहनाच्या उत्पादनाचा महिना आणि वर्ष तपासा, आयातीचे मूळ कागद मागा, आणि आपल्या राज्याच्या नोंदणी कार्यालयाकडून लेखी उत्तर हातात आल्याशिवाय एक डॉलरही देऊ नका.