स्वयंपाकघरातलं शास्त्र : गाजराचा रस गाळायचा कशासाठी?

थंडी पडू लागली की मंडईत लाल गाजरांचे ढीग दिसू लागतात आणि घरोघरी माळ्यावरचा ज्यूसर खाली येतो. सकाळी उठल्यावर, उपाशीपोटी, पेलाभर गाळलेला गाजराचा रस घ्यायचा असा नेम बरेच जण धरतात. डोळ्यांना चांगला, रक्ताला चांगला, शिवाय पोटही साफ होतं, अशी त्यामागची समजूत असते. हेतू चांगलाच आहे. पण ज्या द्रव्यासाठी एवढा खटाटोप करायचा, ते द्रव्य शरीरात पोहोचतं कसं हे पाहिलं, तर या नेमातल्या दोन पायऱ्या उलट्या पडलेल्या दिसतात : एक रस गाळण्याची आणि दुसरी तो उपाशीपोटी पिण्याची. गाजर बारीक वाटलं जातं एवढाच रस काढण्याचा खरा फायदा आहे. त्यापुढचं बरंचसं काम आपण स्वतःचंच नुकसान करून घेण्यासाठी करतो.

गाजराचं नाव ज्याच्यामुळे झालं ते द्रव्य म्हणजे बीटा कॅरोटीन. जर्मन रसायनशास्त्रज्ञ हाइनरिश वाकेनरोडर यांनी १८३१ मध्ये ते गाजरातून वेगळं काढलं. पुढे जवळजवळ शंभर वर्षांनी, १९३० मध्ये, केंब्रिजमध्ये थॉमस मूर यांनी उंदरांवर प्रयोग करून दाखवलं की प्राण्याचं शरीर या रंगद्रव्यापासून अ जीवनसत्त्व तयार करतं. रातांधळेपणाशी गाजराचं नातं जुळतं ते इथे. हे कॅरोटीन गाजराच्या पेशींत बारीक स्फटिकांच्या रूपात असतं आणि त्याभोवती पेशीची चिवट भित्ती असते. माणसाच्या आतड्याला ही भित्ती पचवता येत नाही. दातांनी जेवढ्या पेशी फुटतील तेवढ्यांतलंच कॅरोटीन मोकळं होतं, उरलेलं तसंच बाहेर पडतं. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात चिरलेल्या कच्च्या गाजरातलं सुमारे ४१ टक्के, तर शिजवून वाटलेल्या गाजरातलं सुमारे ६५ टक्के कॅरोटीन आतड्यात शोषलं गेल्याचं आढळलं. वाटणं आणि शिजवणं या दोन्ही क्रिया पेशीभित्ती मोडतात. मिक्सरचं पातं करतं ते हेच काम, आणि म्हणून कच्चं गाजर घाईघाईत चावून गिळण्यापेक्षा वाटून घेणं फायद्याचं.

पण मोकळं झालेलं कॅरोटीनही आपोआप रक्तात जात नाही. ते पाण्यात विरघळत नाही, तेला-तुपात विरघळतं. याचा पुरावा कोणत्याही स्वयंपाकघरात मिळतो. गाजर वाटल्यावर मिक्सरच्या प्लॅस्टिकच्या झाकणाला जो केशरी डाग बसतो, तो साबणाच्या पाण्याने घासूनही हटत नाही. त्यावर बोटभर गोडं तेल चोळून पाच मिनिटं ठेवलं आणि फडक्याने पुसलं, की रंग तेलात उतरून फडक्यावर येतो. शरीरातही तसंच घडावं लागतं. जेवणातला स्निग्ध पदार्थ लहान आतड्यात पोहोचला की पित्ताशय आकुंचन पावून पित्त सोडतं, पित्तामुळे स्निग्धांशाचे अतिसूक्ष्म थेंब होतात आणि कॅरोटीन त्या थेंबांतून आतड्याच्या अस्तरात शिरतं. अमेरिकेत आयोवा स्टेट विद्यापीठात २००४ मध्ये काही जणांना गाजर, पालक, टोमॅटो वगैरेंचं सॅलड तीन प्रकारे दिलं गेलं : तेलाविना, थोड्या तेलाबरोबर आणि भरपूर तेलाबरोबर. बिनतेलाच्या सॅलडमधून रक्तात उतरलेलं कॅरोटीन नगण्य होतं, तेल वाढलं तसं तेही वाढलं. आपल्या गाजराच्या कोशिंबिरीत दाण्याचं कूट आणि वरून तेलाची फोडणी असते, गाजर हलवा तुपावर परतला जातो. हे रसायन कुणाला ठाऊक नव्हतं तेव्हाही या पाककृती योग्य वाटेवर होत्या.

यावर नेहमीचा आक्षेप असा, की उपाशीपोटी घेतलेला रस थेट अंगी लागतो, अन्नात मिसळला की त्याचा गुण जातो. पाण्यात विरघळणाऱ्या साखरेबद्दल हे अर्धंमुर्धं खरं आहे : रिकाम्या पोटी ती भराभर रक्तात जाते. मधुमेह असलेल्याला तर हे मुळीच नको असतं. कॅरोटीनच्या बाबतीत मात्र रिकामं पोट म्हणजे स्निग्धांश नाही, पित्ताला बोलावणं नाही आणि शोषणही जेमतेम. तोच रस न्याहारीबरोबर, थालीपीठ-लोण्याबरोबर किंवा फोडणीच्या पोह्यांबरोबर घेतला, तर त्याचं चीज होतं. दुसरा आक्षेप शिजवण्याबद्दलचा. उष्णतेने गाजरातली एन्झाइमं मरतात, म्हणून रस कच्चाच हवा, असं ठासून सांगितलं जातं. एन्झाइमं ही प्रथिनं आहेत. जठरातलं आम्ल आणि पाचकरस त्यांचंही इतर प्रथिनांसारखंच विघटन करतात, त्यामुळे ती जिवंत ठेवून साधत काही नाही. उष्णतेने घटणारं क जीवनसत्त्व गाजरात मुळातच थोडं, १०० ग्रॅममध्ये ६ मिलिग्रॅमच्या आसपास. तेव्हा चकत्या पाचेक मिनिटं वाफवून वाटल्या तर हानी किरकोळ आणि लाभ ठळक.

आता गाळण्याकडे येऊ. गाळलेल्या रसात कॅरोटीन नसतंच असं मी म्हणत नाही. भरपूर असतं, त्याचा रंगच ते सांगतो. पण फडक्यात घट्ट पिळून कोरडा केलेला चोथाही केशरीच असतो, पांढरा पडत नाही. तो केशरी रंग म्हणजेच मागे राहिलेलं कॅरोटीन. त्याच्यासोबत गाजरातले बहुतेक तंतू, म्हणजे १०० ग्रॅममागे सुमारे ३ ग्रॅम, कचऱ्यात जातात आणि विरघळलेली साखर तेवढी पेल्यात उतरते. पोट साफ होण्यासाठी रस पिणाऱ्याने नेमके तंतूच टाकून द्यावेत, हे मला फार खटकतं. पुष्कळ घरांत वरून संत्र्याचा किंवा सफरचंदाचा रस आणि चमचाभर मध घालतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत फळांच्या रसातली आणि मधातली साखर वरून घातलेल्या साखरेच्याच पंक्तीला बसवली आहे, हे तेव्हा ध्यानात असावं. महागड्या कोल्ड-प्रेस यंत्राने रस जास्त निघतो, फेस कमी येतो. पण चोथा त्यातूनही वेगळाच पडतो, त्यामुळे मूळ प्रश्न सुटत नाही.

साधा मिक्सर पुरतो. गाजरं ताठ आणि रसरशीत घ्यावीत. खांद्याशी हिरवी झालेली असतील तर तेवढा भाग कापून टाकावा, कारण कडवटपणा तिथे असतो. फ्रिजमध्ये गाजरं सफरचंदांच्या शेजारी ठेवू नयेत; पिकणाऱ्या सफरचंदातून इथिलीन वायू सुटतो आणि त्याने गाजरात कडू द्रव्य तयार होतं. रस कडू लागला की गाजराच्या जातीला दोष दिला जातो, तो बऱ्याचदा या शेजाराचा असतो. मातीचा कण न राहील असं चोळून धुवावं, दोन मध्यम गाजरांच्या चकत्या कराव्यात, चार-पाच भिजवलेले बदाम किंवा ओल्या खोबऱ्याचा तुकडा आणि अर्धी वाटी पाणी घालून अगदी गंधासारखं बारीक वाटावं. लागेल तसं पाणी, चिमूटभर मीठ, लिंबू. फार दाट वाटला तर मोठ्या भोकांच्या चाळणीतून काढावा, चहाच्या गाळणीतून नको.

दोनच गाजरं का, असा प्रश्न पडेल, कारण ज्यूसरमध्ये एका पेल्यासाठी अर्धा किलो सहज लागतात. केशरी गाजराच्या १०० ग्रॅममध्ये साधारण ८ मिलिग्रॅम बीटा कॅरोटीन असतं आणि अन्नातल्या १२ मायक्रोग्रॅमपासून १ मायक्रोग्रॅम अ जीवनसत्त्व मिळतं असं धरतात. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार पुरुषाला दिवसाला १००० आणि स्त्रीला ८४० मायक्रोग्रॅम अ जीवनसत्त्व लागतं. म्हणजे दीडशे ग्रॅम गाजरात दिवसाची गरज जवळपास भागते. लाल गाजरात रंगाचा मोठा वाटा लायकोपीनचा असतो. ते उपयोगी आहे, पण त्यापासून अ जीवनसत्त्व होत नाही. जास्त प्यायल्याने चष्म्याचा नंबर उतरत नाही. रोज लिटरभर पिणाऱ्याचे तळहात मात्र पिवळे पडू शकतात. तेव्हा डोळ्यांचे पांढरे भाग पिवळे होत नाहीत, कावीळ आणि हा प्रकार यांत ओळखू येणारा फरक हाच. आणि रसाऐवजी कॅरोटीनच्या गोळ्या घेऊ पाहणाऱ्या धूम्रपानी माणसाने दोनदा विचार करावा : फिनलंडमध्ये २९ हजारांवर धूम्रपानी पुरुषांवर झालेल्या आणि १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अशा गोळ्यांनी फुप्फुसाचा कर्करोग कमी होण्याऐवजी वाढलेला आढळला.

रस साठवून ठेवण्याबद्दल मात्र तडजोड नसावी. संत्र्या-लिंबासारखं आम्ल गाजरात नसतं, त्याच्या रसाचा सामू ६ च्या आसपास असतो. जमिनीत उगवणाऱ्या या कंदमुळाला मातीतले क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनमचे बीजाणू चिकटून येऊ शकतात. आम्ल नाही, हवा नाही आणि ऊबही आहे, अशी बंद बाटली त्यांना मानवते. २००६ मध्ये अमेरिका आणि कॅनडात बाटलीबंद गाजराचा रस पिऊन काही जणांना बोट्युलिझमने पक्षाघात झाला. हा रस पुरेसा थंड राहिला नसावा, असा तपासाचा रोख होता. अर्धं लिंबू पिळल्याने ही भीती संपते असं समजू नये, ते चवीपुरतं. सकाळी काढलेला रस बाटलीत भरून दुपारच्या डब्याबरोबर न्यायची सवय असेल तर ती सोडावी. वाटला की प्यावा. फ्रिजमध्ये ठेवलाच तर त्याच दिवशी संपवावा.

आणि दाट रस घशाखाली उतरतच नाही, असं म्हणणाऱ्यांनी खुशाल गाळावा. फक्त चोथा लगेच कणकेत किंवा थालीपिठाच्या भाजणीत कालवावा, ओवा-मिरची-कोथिंबीर घालावी आणि तव्यावर भोकं पाडून भोवतीने तेल सोडावं. भाजताना त्या तेलाला केशरी छटा चढलेली दिसेल.