ओढ वेगळी, गोडी वेगळी

कोक ओव्हनची बॅटरी म्हणजे उभ्या, अरुंद भट्ट्यांची लांबच लांब रांग. छतावरच्या भोकांतून दगडी कोळशाची पूड आत सोडतात, झाकणं घट्ट बसवतात आणि हवा लागू न देता हजार अंशांच्या वरच्या उष्णतेत सोळा-अठरा तास कोळसा भाजतात. मग एका बाजूने यंत्राचा भलामोठा दांडा आत शिरतो आणि लालभडक कोकची अख्खी भिंत पलीकडच्या गाडीत ढकलून देतो. तिच्यावर पाण्याचा मारा झाला की वाफेचा पांढरा लोट आभाळात चढतो. छतावर काम करणाऱ्याच्या पायाखाली भट्टी असते आणि नाकातोंडात धूर, कोळशाची धूळ.

भिलाई पोलाद कारखान्यातल्या या विभागातल्या कामगारांचं आयुष्य लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचे मानववंशशास्त्रज्ञ जोनाथन पॅरी यांनी 1993पासून अनेक वर्षं जवळून पाहिलं. यंत्रयुग आल्यापासून युरोपातल्या विचारवंतांनी एक चित्र मनाशी धरलं होतं: शेतातला माणूस आपल्या लयीत, समाधानाने काम करतो आणि गिरणीचा भोंगा त्याचं सुख हिरावून घेतो. पॅरींना भिलाईत जवळजवळ उलटं दिसलं. आसपासच्या खेड्यांतून कारखान्यात लागलेल्या माणसांना शेतीचं काम नकोसं, कंटाळवाणं वाटत होतं आणि त्या मानाने भट्टीवरचं काम बरं. जोखमीचं, अंग भाजून काढणारं काम थोड्या वेळापुरतं असे. ते उरकलं की विश्रांतीच्या खोलीत चहा, गप्पा, चेष्टामस्करी. देशाच्या कानाकोपऱ्यातून आलेली वेगवेगळ्या जातींची माणसं एका टोळीत काम करत, एकमेकांच्या घरच्या लग्नाकार्याला जात. पॅरींनी एका लेखाच्या शीर्षकातच शेतांना सैतानी आणि गिरण्यांना सुखद म्हटलं आहे.

हे गाव उभं राहिलं तेच एका आशेवर. 2 फेब्रुवारी 1955 रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात करार झाला आणि 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली. कारखान्याबरोबर सेक्टरांमधली क्वार्टर्स आली, रुंद रस्ते आले, शाळा आल्या, मोठं इस्पितळ आलं, पुढे दोन देशांच्या मैत्रीची खूण म्हणून मैत्री बाग आली. हावड्याला जाणाऱ्या रेल्वेमार्गावर गोंदियाच्या पुढे राजनांदगाव, दुर्ग आणि मग भिलाई. विदर्भातली कितीतरी घरं या वाटेने जाऊन तिथलीच झाली. सुरुवातीला स्थानिक छत्तीसगढी माणूस कारखान्यात जायला बिचकत असे. दोन पिढ्यांत अशी वेळ आली की तिथली कायम नोकरी म्हणजे आयुष्याचं सोनं झालं. पगार, घर, औषधपाणी, पोरांचं शिक्षण, म्हातारपणाची सोय, सगळं त्यात आलं.

आणि तरीही 2012 साली पॅरींचा भिलाईवर जो शोधनिबंध प्रसिद्ध झाला त्याचा विषय होता आत्महत्या. आधीच्या दोन दशकांत या भागात आत्महत्यांचं प्रमाण झपाट्याने वाढलं होतं. पॅरींचं म्हणणं असं की त्याची झळ सर्वांत गरीब कंत्राटी मजुरांच्या वस्तीपेक्षा कायम नोकरी असलेल्या, बऱ्या स्थितीतल्या कुटुंबांना अधिक बसत होती. आत्महत्येमागे एकच एक कारण कधी नसतं, हे इथे स्पष्ट म्हटलं पाहिजे. पण पॅरींनी एका धाग्यावर बोट ठेवलं. 1980च्या दशकाच्या मध्यात साठ हजारांहून अधिक माणसं कारखान्याच्या पटावर होती. उदारीकरणानंतर ती संख्या निम्म्याहून खाली आली. बापाला मिळालं ते पोराला मिळेलच असं राहिलं नाही. आईवडिलांनी सगळं पणाला लावून मुलांना स्पर्धा परीक्षांच्या शर्यतीत उतरवलं. जे सुख घरात होतं तेच निसटून चाललंय, ही धास्ती घराघरांत शिरली.

सुखाच्या मागे लागणं म्हणजे नेमकं काय, हा प्रश्न मला इथे, या घरांपाशी विचारावासा वाटतो. यावर गेल्या चाळीसेक वर्षांत विज्ञानाने जे शोधलं, त्यातला सर्वांत अनपेक्षित धागा अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठात उंदरांच्या तोंडाकडे पाहताना सापडला.

उंदराच्या जिभेवर साखरेचं पाणी ठेवलं की तो ओठ चाटतो. कडू ठेवलं की तोंड वासतो, डोकं झटकतो. तान्ह्या बाळाचंही जवळपास तसंच. तिथले संशोधक केंट बेरिज या हावभावांवरून सुखाची मोजणी करत. तेव्हा सर्वांची समजूत होती की मेंदूतलं डोपामिन हे रसायन म्हणजेच सुख. बेरिज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही उंदरांच्या मेंदूतलं डोपामिन जवळजवळ संपवून टाकलं. ते उंदीर समोर अन्न असूनही त्याला तोंड लावत नव्हते, भरवलं नसतं तर उपाशी मेले असते. 1989 साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगातली खरी गोष्ट पुढे आहे. त्याच उंदरांच्या तोंडात साखरेचं पाणी सोडलं, तर ते पूर्वीइतकेच मिटक्या मारत ओठ चाटत होते. गोडी शाबूत होती. गेली होती ती ओढ.

म्हणजे मेंदूत या दोन वेगळ्या यंत्रणा आहेत. ओढ लावणारं डोपामिनचं जाळं मोठं, दांडगं. गोडी वाढवणारी ठिकाणं मात्र इवलीशी. उंदराच्या मेंदूत त्यांतलं एक जेमतेम घन मिलिमीटरभर आहे आणि ते मेंदूत तयार होणाऱ्या अफूसारख्या रसायनांवर चालतं. व्यसनात हेच होतं. ओढ वाढत जाते, गोडी वाढत नाही, पुष्कळदा कमीच होते. उंदरावरून थेट समाजावर उडी मारू नये, हे खरं. तरीही वर्षानुवर्षं एका नोकरीवर, एका यादीतल्या नावावर जीव टांगून बसलेल्या घराकडे पाहताना हा प्रयोग मला आठवतो. एखाद्या गोष्टीसाठी जीव किती तुटतो, यावरून ती मिळाल्यावर किती सुख लाभेल याचा अंदाज बांधता येत नाही.

मग थेट सुखाचीच इच्छा धरली तर? आयरिस मॉस आणि सहकाऱ्यांनी 2011 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात काहींना आधी सुखाचं महत्त्व पटवणारा एक बनावट लेख वाचायला दिला आणि मग आनंदी चित्रफीत दाखवली. लेख वाचलेल्यांना ती पाहून इतरांपेक्षा कमी आनंद झाला. दुःखी चित्रफितीच्या बाबतीत असा फरक पडला नाही. आनंदाचा प्रसंग समोर असताना ‘मला पुरेसा आनंद का होत नाहीये’ अशी स्वतःचीच झडती सुरू झाली की असलेला आनंदही विरतो.

पण हा निष्कर्ष सगळ्या जगाला लावता येत नाही, आणि भिलाईच्या दृष्टीने मला हे फार मोलाचं वाटतं. 2015 साली ब्रेट फोर्ड, मॉस आणि इतर संशोधकांनी अमेरिका, जर्मनी, रशिया आणि पूर्व आशियातल्या लोकांची तुलना केली. अमेरिकेत जे सुखाच्या जास्त मागे होते ते कमी समाधानी निघाले. जर्मनीत तसा संबंध दिसला नाही. रशिया आणि पूर्व आशियात मात्र सुखाच्या मागे असणारे अधिक समाधानी होते! कारण तिथे सुखाची कल्पना माणसांशी जोडलेली होती. सुख हवं म्हणजे मित्रांकडे जायचं, घरच्यांना वेळ द्यायचा, कुणाच्या अडीअडचणीला धावायचं. असा पाठलाग माणसाला स्वतःच्या मनाच्या पहाऱ्यावर बसवत नाही.

कोक ओव्हनच्या विश्रांतीच्या खोलीत नेमकं हेच होतं. त्या टोळीतलं कुणी सुख शोधायला तिथे जात नव्हतं. शिफ्टला जात होते. कामावर माणसाला कसं वाटतं, हे मोजलं गेलं आहे. मिहाय चिक्सेंटमिहाय आणि ज्युडिथ लफेव्र यांनी 1989 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात शिकागो परिसरातल्या नोकरदारांना दिवसभरात अवचित वेळी इशारा देऊन, त्या क्षणी काय करताय आणि कसं वाटतंय, हे लिहून घेतलं होतं. कामात जीव रमून गेल्याचे क्षण मोकळ्या वेळेपेक्षा कामावरच जास्त नोंदले गेले. तरी कामावर असताना त्याच लोकांना वाटत होतं की आपण दुसरीकडे कुठेतरी असायला हवं. चिक्सेंटमिहाय यांच्या पुस्तकात रेल्वेचे डबे जोडणाऱ्या कारखान्यातला ज्यो नावाचा एक वेल्डर आहे. कारखान्यातलं कुठलंही यंत्र बिघडलं की लोक त्याला बोलवत. बढती त्याने नाकारली. घरी बागेत त्याने पाण्याचे असे बारीक फवारे बसवले होते की त्यांत इंद्रधनुष्यं उमटत.

काम काढून घेतलं की काय उरतं, तेही मोजलं गेलं आहे. ऑस्ट्रियातल्या मारीनटाल गावची गिरणी बंद पडल्यावर मारी याहोदा, पाउल लाझार्सफेल्ड आणि हान्स झायझेल यांनी 1930च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे अभ्यास केला. हातात घड्याळ घेऊन त्यांनी रस्त्यावरच्या माणसांची चाल मोजली. घाई कसलीच नव्हती, तरी पुरुष सारखे थबकत, रेंगाळत. वेळ मुबलक होता, आणि वाचनालयातून नेली जाणारी पुस्तकं मात्र कमी झाली होती. याहोदांनी पुढे मांडलं की नोकरी पगारापलीकडेही बरंच देते: दिवसाला आकार, घराबाहेरची माणसं, मिळून काही केल्याची जाणीव, समाजातली जागा. जर्मनीत हजारो लोकांच्या पंधरा वर्षांच्या नोंदींवरून 2004 साली रिचर्ड लुकास आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की बेकारीतून गेलेल्यांचं समाधान, पुन्हा काम मिळाल्यावरही, सरासरीने पहिल्या पातळीला येत नाही. माणूस कशालाही सरावतो असं म्हणतात. याला तो नीटसा सरावत नाही.

त्यामुळे भिलाईतल्या तरुणाला ‘नोकरीचा हव्यास सोड, मन शांत ठेव’ असं सांगणारा उपदेश मला अर्धवट वाटतो, आणि काहीसा निर्दयही. त्याच कारखान्यात, त्याच भट्टीच्या आसपास राबणाऱ्या कंत्राटी मजुराला कायम कामगाराच्या पगाराचा लहानसा हिस्सा मिळतो आणि उद्याची हमी नसते. त्याची असुरक्षितता ही त्याच्या मनाची कमजोरी नाही. जो घरात खचून गेला आहे त्याने मात्र एकट्याने झुंजत बसू नये. सरकारच्या टेली मानस सेवेचा 14416 हा क्रमांक चोवीस तास चालू असतो.

एकट्याने न झुंजण्याचं एक उदाहरण जवळच आहे. भिलाईच्या झोतभट्ट्यांना लोहखनिज पुरवणारं दल्ली-राजहरा तिथून साधारण नव्वद किलोमीटरवर आहे. तिथल्या कंत्राटी खाणकामगारांनी 1977 साली कामगार नेते शंकर गुहा नियोगी यांच्यासोबत आपली संघटना उभी केली. मजुरी वाढली तेव्हा तो पैसा दारूत जाऊ नये म्हणून संघटनेने दारूबंदीची मोहीम घेतली. मग कामगारांनी वर्गणी आणि श्रमदानातून स्वतःचं इस्पितळ बांधायला घेतलं. 1977च्या पोलीस गोळीबारात मारल्या गेलेल्या साथीदारांच्या स्मरणार्थ त्याचं नाव ठेवलं शहीद अस्पताल. ते 1983 साली सुरू झालं. नियोगींची 28 सप्टेंबर 1991 रोजी भिलाईत हत्या झाली, पण इस्पितळ बंद पडलं नाही. खाणीत न राबलेल्या, आसपासच्या खेड्यांतल्या आदिवासी आणि शेतकरी कुटुंबांवरही तिथे परवडणाऱ्या खर्चात उपचार होतात.