कडी न लावण्याची वर्षं

सदाशिव पेठेतला आमचा वाडा अखेर पाडला. ‘आमचा’ म्हणजे ज्याच्या माडीवर मी कॉट बेसिसवर राहत होते तो. वाड्यांसाठी गळा काढणारे लेख पुण्यात बाराही महिने निघतात. ते लिहिणारे बहुतेक लोक सकाळी सातला वाड्यातल्या संडासाच्या रांगेत कधी उभे राहिलेले नसतात. मी राहिले आहे, त्यामुळे माझे डोळे कोरडे आहेत. जिव्हारी लागलं ते दुसरंच. त्याच महिन्यात माझ्या भाचीला हिंजवडीकडच्या एका पीजीने जागा नाकारली. ऑनलाइन फॉर्मवर प्रश्न होता : फिट, अपस्मार, मानसिक आजार, होय की नाही? तिने ‘होय’वर खूण केली. दुसऱ्या दिवशी डिपॉझिट परत आलं आणि बरोबर एक नम्र मेसेज, सर्व रहिवाशांच्या सुरक्षिततेच्या दृष्टीने वगैरे. नाक मावशीचं आलंय असं तिला लहानपणापासून सांगतात. हा आजारही माझ्याच वाटेने गेला असावा. तो मेसेज वाचला आणि १९९१ पासूनचा सगळा हिशेब डोक्यात पुन्हा सुरू झाला.

कराडची वर्षं थोडक्यात उरकते, कारण ती तशीच कंटाळवाणी होती. दहावीच्या आसपास फिट यायला लागल्या. शाळा, गोळी, शाळा, गोळी. गोळीने हिरड्या सुजल्या, म्हणून फोटोत तोंड मिटून हसायची सवय लागली. नातेवाइकांपैकी कोणी कांदा हुंगवला, कोणी चप्पल. एका काकांनी दातांत चमचा घातला, त्यात पुढच्या दाताचा टवका उडाला तो आजही तसाच आहे. फिट आलेल्या माणसाच्या तोंडात काही घालायचं नसतं, त्याला कुशीवर वळवायचं आणि घड्याळाकडे बघायचं, हे त्या काकांना शेवटपर्यंत पटलं नाही. त्यांच्या मते चमच्यामुळेच मी वाचले.

पदवीनंतर पुण्यात मुद्रितशोधनाचं काम मिळालं. घरात आठवडाभर कोणी धड जेवलं नाही. आई म्हणाली, नोकरी कर, पण राहायला आत्याकडे. आत्याकडे म्हणजे कराडच, फक्त बसचा नंबर वेगळा. मी हट्टाने मुलींचं वसतिगृह शोधलं. तिथल्या रेक्टरबाईंना वडिलांनी पहिल्याच भेटीत सगळं सांगून टाकलं. बाईंनी माझ्याकडे न बघता वडिलांना सांगितलं, तुमच्या मुलीच्या काळजीपोटीच नाही म्हणतेय. पुढच्या आयुष्यात मला जे जे नाकारलं गेलं ते कोणीही रागाने नाकारलं नाही. सगळं काळजीपोटी. त्या दिवशी मी ठरवलं की यापुढे सांगेन तर मी सांगेन, आणि कोणाला सांगायचं तेही मीच ठरवीन.

वाड्यात तिघींची खोली होती. मालकीणबाईंना सगळे काकू म्हणत. त्या काही मायेचा सागर वगैरे नव्हत्या. पाण्याच्या बादल्या मोजायच्या, पाहुणी राहिली तर जादा पैसे घ्यायच्या, आणि कोणाकडे कोणाचं पत्र आलं हे पोस्टमनच्या आधी त्यांना ठाऊक असायचं. पण पोटातलं पेठेबाहेर जाऊ द्यायच्या नाहीत, हे दोन आठवडे पाहून घेतलं आणि मग त्यांना सांगितलं. त्या तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता विचारलं, “महिन्याला येते का?” म्हटलं, नाही, वर्षातून तीन-चारदा. “बरं. भाडं मात्र महिन्याला यायला हवं.” झाली मुलाखत.

नियम दुसऱ्या दिवशी आले. बंबाजवळ जायचं नाही, कडत पाणी त्या काढून देणार. आणि न्हाणीघराची कडी लावायची नाही. दार नुसतं लोटायचं आणि वर टॉवेल टाकायचा. टॉवेल दिसला की आत कोणी आहे. माझा निळ्या ठिपक्यांचा होता, तो साऱ्या वाड्याला पाठ झाला. सहा बिऱ्हाडांच्या वाड्यात नुसत्या लोटलेल्या पत्र्याच्या दाराआड अंघोळ करायची म्हणजे काय, हे बाविशीच्या मुलीला विचारा. पहिले काही महिने मला फिटपेक्षा त्या दाराची भीती जास्त वाटायची. दार वाऱ्याने हललं तरी मी तांब्या टाकून ते धरायची. बाहेरून काकूंची हाक यायची, “झालं का गं?” उत्तर द्यायलाच लागायचं. मी मुद्दाम उशिरा द्यायची. मग त्या कडीपाशी येऊन उभ्या राहायच्या, आणि मीच ओशाळून ओ द्यायची.

खोलीतल्या दोघींपैकी जळगावच्या मुलीला मी सांगितलं, लातूरच्या मुलीला नाही. का ते आता सांगता येणार नाही. पहिली झोपेत बडबडायची, त्यामुळे तीही आपल्यासारखीच वाटली असेल. किल्लारीच्या भूकंपानंतर लातूरची मुलगी गावाकडे गेली ती बरेच दिवस आली नाही. परत आल्यावर तीच रात्री दचकून उठू लागली. तेव्हा तिलाही सांगितलं. “मला माहीत होतं,” ती म्हणाली, “तुझी गोळ्यांची डबी.” फिल्मच्या रोलच्या काळ्या डबीत मी गोळ्या ठेवायची. कॅमेरा तर माझ्याकडे नव्हता.

फिट एकट्याने भोगायची म्हणजे काय, हे मात्र एका दिवाळीत कळलं. सगळ्या गावी गेल्या होत्या, मी प्रेसच्या दिवाळी अंकापायी मागे राहिले होते. जाग आली ती फरशीवर. जीभ कडेला चावलेली, तोंडात रक्ताची चव, डावा खांदा कोणी पिळून काढल्यासारखा, परकर ओला. घड्याळात पावणेनऊ. उठले होते की नाही, दात घासले होते की नाही, काही आठवेना. ब्रश सुका होता, म्हणजे नसावेत. चादर अर्धी खाली ओढली गेली होती, म्हणजे कॉटवरूनच पडले. आपल्याच खोलीत पोलिसासारखा पंचनामा करत बसले. एरवी फिट माझी असली तरी तिची गोष्ट कायम दुसऱ्याकडे असते : तू अशी पडलीस, असे डोळे फिरवलेस, अमुक मिनिटं चाललं. त्या सकाळी गोष्ट सांगणारं कोणीच नव्हतं. घाबरायला हवं होतं, आणि जरा वेळाने घाबरलेही. पण आधी वाटलं ते असं की ही एक तरी माझी एकटीची झाली.

डॉक्टरांचीही गोष्ट सांगायला हवी. कराडला आणि नंतर पुण्यातही मला ज्या गोळ्या चालू होत्या त्यांनी फारसा फरक पडत नव्हता. ईईजीसाठी डोक्याला ती चिकट पेस्ट लावायची, दीर्घ श्वास घ्यायला लावून डोळ्यांवर दिवा लुकलुकवायचा, आणि नंतर दोन दिवस केसांतून पेस्ट निघायची नाही. शेवटी एका न्यूरॉलॉजिस्टने आधीच्या कोणी न विचारलेला प्रश्न विचारला : सकाळी उठल्याउठल्या हातातून कप उडतो का? उडायचा! चहाचा कप, ब्रश, एकदा तर दाढीचं पाणी वडिलांच्या अंगावर. घरात मला धांदरट म्हणायचे. पौगंडावस्थेत सुरू होणारा, सकाळच्या झटक्यांचा हा अपस्मारच वेगळा. त्याला चुकीचं औषध दिलं तर झटके वाढूही शकतात. कार्बामाझेपीन बंद झालं, सोडियम व्हॅल्प्रोएट सुरू झालं. केस गळले, वजन वाढलं, कप उडायचा थांबला. हेच औषध गरोदरपणात बाळाला किती घातक ठरू शकतं हे तेव्हा मला कोणी सांगितलं नाही. माझ्यावर तशी वेळ आली नाही. भाचीला तिच्या डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत बसवून समजावलं, हे मात्र आजच्या काळाच्या बाजूने लिहून ठेवते.

डॉक्टरांची दुसरी आज्ञा झोपेची. जागरण झालं की दुसऱ्या सकाळी फिट, असा या आजाराचा सरळ व्यवहार. दहाला दिवा बंद. इकडे एसटीडीचा पाव दर रात्री अकरानंतर, त्यामुळे वडिलांचा आग्रह की अकरानंतर फोन कर. फोन करून सांगायचं काय, तर मी वेळेवर झोपते! आणि राहायला पेठेत, जिथे गणपतीच्या दहा दिवसांत झोप मिळत नाही. १९९४ साली मी सगळं कळत असून विसर्जनाची रात्र लक्ष्मी रोडवर उभी राहून काढली. मध्यरात्रीनंतर रोषणाईचे गणपती येतात, ते आयुष्यात एकदा तरी बघायचे होते. सकाळी ओसरीवर फिट आलीच. शुद्धीवर आले तर काकू चहा घेऊन बसलेल्या. “दगडूशेठ बघितलास ना? मग झालं.” एवढंच. ती रात्र मी आजही कोणाला परत देणार नाही.

आता प्रेसच्या मालकांचा हिशेब. त्यांना मी सांगितलं नव्हतं. मजकूर नुकताच कॉम्प्युटरवर जुळवायला लागले होते, प्रुफं तपासायला माझ्याशिवाय माणूस नव्हतं, आणि दोन वर्षांत माझ्या हातून वेलांटीसुद्धा सुटली नव्हती. एका दुपारी तिथेच फिट आली. तिसऱ्या दिवशी पाकिटात महिन्याचा पगार आणि तेच पालुपद : तुमच्या काळजीपोटी. पुढे मी घरी प्रुफं आणून तपासू लागले, त्यातून लिहू लागले. तेव्हा त्या मालकांचे आभारच मानायला हवेत, असं सुचवणारे शहाणे अधूनमधून भेटतात. मानत नाही. मला ती नोकरी हवी होती.

पुण्यात तेव्हा डोक्याला स्कार्फ बांधलेली प्रत्येक मुलगी कायनेटिकवर होती. मी पीएमटीच्या थांब्यावर. लायसन्सच्या अर्जात अपस्मार आहे का हा प्रश्न असतो, आणि ‘नाही’ लिहून गाडी चालवणारे मला ठाऊक आहेत. त्या प्रश्नाशी माझं भांडण नाही. रस्त्यावर दुसऱ्याचा जीव असतो. पीजीच्या खाटेवर कोणाचा जीव असतो, ते मात्र मला कोणीतरी समजावून सांगावं.

लग्नाचं सांगायलाच हवं. मामांनी एक स्थळ आणलं आणि बजावलं की पाहायला येतील तेव्हा आदल्या रात्री गोळी घेऊ नकोस, डोळे जड दिसतात. म्हणजे नवऱ्या मुलासमोर फिट आली तरी चालेल, डोळे टवटवीत हवेत. कायद्याचीही भीती घातली जायची. १९७६ च्या दुरुस्तीपासून हिंदू विवाह कायद्यात वारंवार येणाऱ्या वेडाच्या झटक्यांशेजारी अपस्माराचे झटकेही बसवलेले होते. त्या आधारावर लग्न रद्द करून घेता यायचं. त्यामुळे आधी सांगितलं तर लग्न होत नाही, आणि न सांगता केलं तर टिकायची खात्री नाही. डिसेंबर १९९९ मध्ये संसदेने तो शब्द काढून टाकला. मला ते कित्येक आठवड्यांनी एका वकिलाच्या पुस्तिकेची प्रुफं तपासताना कळलं, कारण त्या दिवसांत सगळी वर्तमानपत्रं कंदाहारच्या विमानाने आणि कॉम्प्युटर बंद पडतील या भीतीने भरलेली होती. त्या पानावर मी चूक शोधायची विसरून तो परिच्छेद तीनदा वाचला. लग्न मी केलं नाही. त्याला अपस्मार कारणीभूत नाही, आलेली स्थळं कारणीभूत आहेत.

पुढची पंचवीस वर्षं म्हणजे स्वतःचा वन रूम किचन, ईएमआय, मागच्या शेगडीवर स्वयंपाक आणि वर्षानुवर्षं न आलेली फिट. सांगण्यासारखं फार नाही. पुण्यात यशोदा वाकणकर यांनी ‘संवेदना’चा आधारगट सुरू केला, तिथे पहिल्यांदा फिट येणाऱ्या माणसांना एका खोलीत खदखदून हसताना ऐकलं. असं काही आमच्या वेळी असतं तर, असं मी शक्यतो म्हणत नाही, पण इथे म्हणते.

नीट औषध मिळालं तर अपस्माराचे सत्तर टक्क्यांपर्यंत रुग्ण फिटशिवाय जगू शकतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. औषधं सुधारली, फॉर्म मात्र वाढले. २०१९ मध्ये विमा नियामकाने पॉलिसीतून कायमचे वगळता येतील अशा जुन्या आजारांची यादी काढली, त्यात अपस्मार होता. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात एकवीस प्रकार आहेत, त्यांत अपस्माराचं नाव नाही. सवलतीच्या यादीत आम्ही नाही आणि नकाराच्या यादीत तिसऱ्या-चौथ्या ओळीत. वाड्यात काकूंसह सगळ्यांचं माझ्यावर लक्ष असायचं आणि त्याचा मला संताप यायचा, पण त्यांतल्या प्रत्येकाला मी स्वतः सांगितलं होतं, आणि हाक मारली तर कोणी ना कोणी यायचं. पीजीच्या जिन्यात कॅमेरा आहे, दाराला बोटाच्या ठशाचं कुलूप आहे. फॉर्मवरची ‘होय’ची खूण कोणी पाहिली ते भाचीला ठाऊक नाही, आणि ते विचारायचं कोणाला हेही नाही.

तिला दुसरीकडे खोली मिळाली आहे, दोन मैत्रिणींबरोबर. त्यांना तिने स्वतः सांगितलं. त्यांनी युट्यूब बघून कुशीवर वळवायचा सराव तिच्यावरच केला. पाच मिनिटांच्या वर गेलं तर नाकात मारायचा स्प्रे कुठे आहे, हे दोघींनाही माहीत आहे. आता ताईचा, म्हणजे तिच्या आईचा, आग्रह आहे की तिने फिट ओळखणारं घड्याळ बांधावं आणि फोनवरचं लोकेशन चोवीस तास चालू ठेवावं. भाचीने घड्याळ घेतलं, लोकेशन बंद केलं. ते चालू कर असं मी तिला सांगावं म्हणून ताईने मला दोनदा फोन केला. मी सांगणार नाही असं कळवलं आहे. ताई सध्या माझ्याशी बोलत नाही.